चार ओळींना तीन टाके

मशीन अंग विणून देतं.
पाठ, पोट, दोन बाह्या.
खर्रक इकडे, खर्रक तिकडे,
अण्णा पोरेंच्या हाताखालून दिवसाला नऊ स्वेटरांची अंगं
लोंबत्या वजनांसकट खाली उतरतात.
पण कड उघडीच.
आणि उघडी कड आतल्या आत वळते,
लाजल्यासारखी
सुरळी होऊन बसते.

तिथून पुढे आम्ही.
वाईत, गंगापुरीतल्या माडीवर, खिडकीशी,
मी आणि हमीदाबी शिकलगार.
मनगटाला पट्टी, कमरेला रुंद पट्टी,
गळ्याला दुहेरी, कड पोटात घेणारी.
दोन सुलट, दोन उलट.
घाट चढून वर पाचगणीला शाळा,
प्रत्येकीचा गळा वेगळा:
राखाडीवर मरून नि पिवळी,
निळ्यावर पांढऱ्या दोन,
एकीची नुसती बाटलीहिरवी, बोटभर.
नावं आम्हाला पाठ नाहीत.
‘मरून-पिवळीची साठ झाली का?’
एवढंच.

पहिल्या वर्षी मी कडेची प्रत्येक ओळ उचलली.
एकही सुटता कामा नये.
गळ्याची झालर झाली.
हमीदाबीनं सगळं उसवलं,
रागावली नाही. म्हणाली,
‘चार ओळींना तीन टाके, बाय.
चौथी तशीच जाऊ दे.
सगळंच उचलशील तर पट्टी अंगाला धरायची नाही.’

तेव्हापासून बोटं मोजतात.
एक, दोन, तीन, मुकी.
एक, दोन, तीन, मुकी.
गवार मोडतानासुद्धा.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी कमल साबळे आली.
वर एका शाळेच्या भटारखान्यात पोळ्या लाटते.
पिशवीतून स्वेटर काढला, मरून-पिवळीचा,
कुणा मुलाला आखूड झालेला.
गळ्यामागे फीत, नाव धुऊन गेलेलं,
नंबर शाबूत. १४७.
‘कोपरं चांगली हायेत,’ म्हणाली,
‘पट्टी तेवढी बदल.
हिच्या शाळंतली पोरं वळखत्यात.
मागल्या साली कुडकुडत गेली,
पण घातला नाय.’
ही म्हणजे प्रांजली,
दाराशी उभी, एका पायावर दुसरा पाय.

उसवायला घेतला तर टाका माझाच.
गाठ डावीकडे मारायची माझी खोड.
दुसरीचं उसवताना धागा अडतो, कुरकुरतो,
हा सरसर आला.
पट्टी निघाली
आणि तिच्याखाली राखाडी निघाला गडद,
ऊन न लागलेला,
कोरा,
गळ्याभोवती बोटभर.
बाकीचा स्वेटर इतका विटलाय
हे तोवर कळलंच नव्हतं.

हमीदाबीनं उरल्यासुरल्या लोकरीचा डबा सरकवला.
‘बोल, कुठला रंग?’
पोरगी वाकली. हिरवीला हात लावला,
विचारलं, ही कुणाची?
मी सांगितलं.
पांढरी?
तीही सांगितली.
मग तळातून तिनं जांभळट कोन ओढला,
चुकून आलेला लॉट,
चार वर्षं कुणी मागितला नाही.
‘ही?’
‘ही कुणाचीच नाही.’
‘मग ही.’

गडद भाग झाकायला पट्टी रुंद घ्यावी लागली.
अण्णांचं मशीन पलीकडे चालूच होतं,
साठातली एकवीस बाकी होती.
फीत काढू का, मी विचारलं.
कमल ‘काढ’ म्हणाली,
पोरगी ‘राहू दे, आतून हाय’ म्हणाली.
राहिली.

कमलनं दहाच्या चार नोटा पाटावर ठेवल्या.
मी तीन उचलल्या.
हमीदाबीनं बघितलं, बोलली काही नाही,
सुईत धागा ओवत राहिली.

वाफ द्यायची बाकी होती.
तोवर प्रांजलीनं तो डोक्यातून घातलाही,
जिन्यावरून धाडधाड खाली.
वाफ न दिलेली पट्टी थोडी उभी राहते,
मानेला टोचते,
पहिल्या धुण्यात बसते.
एवढं सांगायचं राहून गेलं.