जागा : एक

प्रतापगंजच्या कोपऱ्यावर, दुसऱ्या मजल्यावर,
उणे ऐंशीच्या फ्रीजरची घरघर ऐकत
मी जाहिरात लिहायला बसले.
जागा : एक. पीएचडी झालेली असावी.
मुदत : दोन वर्षं. अनुदान टिकलं तर तीन.
विषय : पेशीतल्या मेदाची ने-आण.

एवढंच छापतात.
बाकीचं इथे.

की खिडकी पश्चिमेला आहे, आणि मे महिन्यात
मायक्रोस्कोप रात्री आठनंतरच धड वागतो.
की आधीचा जुझर चार वर्षं होता,
त्याची चिठ्ठी अजून तिसऱ्या खणात चिकटलेली :
हात लावू नये, मी येतोय.
तो मकरपुऱ्याला साबणाच्या कारखान्यात आहे.
पगार एक तारखेला. फोनवर म्हणतो,
मॅडम, साबणाचंही डोकं पाण्याकडे, शेपूट तेलाकडे,
मी कुठे विषय सोडलाय?

की मेद म्हणजे नुसतं पोट सुटणं नव्हे.
पेशीतली एकूण एक भिंत त्याचीच.
बनतो एकीकडे, लागतो भलतीकडे,
आणि मधे सगळं पाणी,
ज्याच्याशी त्याचं जन्मात जमलेलं नाही.

अर्ज अकरा आले.
इरावती फणसे, दांडिया बाजार,
वय चौतीस वर्षं आठ महिने, मर्यादा पस्तीस.
समितीतल्या सरांनी चष्म्यावरून विचारलं,
मधली ही दोन वर्षं कोरी का?
ती म्हणाली, वडिलांचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा.
पटलातून काय जातं, काय अडतं,
ते तिथल्या स्टुलावर शिकले.

मी विचारलं, मेद पाणी ओलांडतो कसा?
पुस्तकातलं नको.

थोडा वेळ गेला. पंखा फिरत राहिला.
मग म्हणाली :
विश्वामित्री गल्लीत शिरली त्या आठवड्यात
आमच्या आणि शाहांच्या गॅलरीत हातभर फट होती.
खाली छातीइतकं पाणी, वरून धार.
पाण्यात मगर होती, कुणी पाहिली नव्हती,
पण सगळे सांगत होते.
त्यांच्याकडे गॅस, आमच्याकडे तूप.
गॅलऱ्या काही एक झाल्या नाहीत,
उडीही कुणी मारली नाही.
त्यांचा हिरेन कठड्यावरून वाकला,
बरणी घेतली, रेनकोटाच्या आत, छातीशी,
एक थेंब न लागता पलीकडे.
आणि पुन्हा वाकला, मोकळ्या हातांनी.
हिरेन म्हणजे ते प्रथिन, सर.

कुणी हसलं नाही.
मग सरच हसले, आणि खोकले.

निवड झाली. पत्र गेलं.
पैसे आले नाहीत.
मार्च गेला, एप्रिल गेला, फाइल कुठल्याशा टेबलावर
कुणाच्या तरी रजेवरून परतण्याची वाट बघत.
मी म्हटलं, येऊ नकोस, फुकट राबू नकोस.
ती यायची. रावजीभाई तिच्यापुरता
चहा अर्धा कप जास्त टाकायचे.
एकदा काचपट्ट्या पुसता पुसता तिने विचारलं,
दोन वर्षांनंतर काय, मॅडम?
होईल काहीतरी, मी म्हटलं.
हे वाक्य माझं नाही.
मला ते एकाने जर्मनीत ऐकवलं होतं, बर्फात,
आणि तेव्हाही ते वापरलेलंच होतं.

काल रात्री नऊच्या पुढे हाक आली.
अंधाऱ्या खोलीत पडद्यावर जालिकेची जाळी,
तिला खेटून, पण न चिकटता, तंतुकणिका.
मधल्या फटीत एक हिरवा ठिपका.
इथे होता. तिथे गेला. परत इथे.
आम्ही दोघी श्वास धरून,
खाली रस्त्यावर सेव-उसळवाल्याचा झारा वाजत होता.

रिकामा परतला का गं?

माहीत नाही, ती म्हणाली, डोळा न हलवता.
जाताना भरलेला होता, हेही अजून कुठे ठरलंय.
मोजावं लागेल.
किती दिवस लागतील, मी विचारणार होते.
तिने आधीच वहीत तारीख घातली होती.