डावीकडची सीट

पुण्याच्या कंपनीनं मे महिन्यात मारेगावला दोन गाड्या आणल्या,
अंगभर काळे-पांढरे पट्टे, नाव झाकलेलं,
आणि चालवायला बोलावला आमचा गेडाम.

प्रल्हाद गेडाम. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, नव्वद : तीन ढाली.
एकोणनव्वदला आम्ही नाल्यात होतो.
आम्ही म्हणजे तो आणि मी.
मी डावीकडे बसायचो, मांडीवर वही :
डावं तीन, मोरी, कापू नको, शंभर,
उजवं पाच, पळस, मग आंधळा चढ.
आता मी टायर रिमोल्ड करतो
आणि त्याला चष्म्याशिवाय मैलाचा दगड वाचता येत नाही.

छेचाळीस अंश. भेगाळलेली काळी माती,
वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक,
मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन सानिका कर्वे, वय सव्वीस.
दर किलोमीटरला विचारायची,
"स्टिअरिंग कसं वाटतं, सर?"
"बेस हाये."
"ब्रेक?"
"बेस."
"मागचं सस्पेन्शन?"
"बेस हाये न बाई, काऊन घडीघडी विचारून राह्यली?"

खोटं बोलत नव्हता तो.
मी तिच्या शेजारी बसून पाहत होतो :
मोरी यायच्या आधीच त्याचं मनगट जरासं वळायचं,
मागचं अंग उसळायच्या आत
पाय दबून उठलेला असायचा,
झोपेत दचकणाऱ्या पोरावर आई हात ठेवते तसा.
दोष त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता,
वाटेतच हात त्याला आवरून घ्यायचे.
त्यात गाडीच्या पोटात कॉम्प्युटर, तोही सावरायला टपलेला.
गाडी त्याला सांभाळे, तो गाडीला,
आणि पडद्यावर रस्ता सपाट दिसायचा.
मारेगावचा रस्ता. सपाट.

संध्याकाळी फोनवर पुणं सानिकाला म्हणालं,
नाव मोठं आहे, जाहिरातीला वापरू.
गेडामनं ऐकलं. चहा बशीत ओतला, प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी तो खोब्रागडे सिस्टरला घेऊन आला.
मार्डीच्या उपकेंद्रातली नर्स, पन्नाशीला टेकलेली,
लायसन मिळून दीड वर्ष,
लसींचा रिकामा डबा सवयीनं सोबत.
"हिले चालवू द्या," म्हणाला.
"माह्या हातायले झाकाची सवय हाये."

पहिल्याच मोरीवर सिस्टर ओरडल्या, "अगं माय!"
डबा खाली, चप्पल ब्रेकखाली,
गाडी बाभळीकडे तोंड करून उभी.
सानिकाचं तोंड पांढरं. पण बोटं चालू लागली,
काल दिवसभर न चाललेली.

तेव्हा गेडाम बोलला. डावीकडून, माझ्या सीटवरून,
डोळे मिटून :
"मागचं डावं शॉकअप. दबते बरोबर,
परत येताना उशीर लावते. लिही.
अन् सिस्टर, तुम्ही घाबरा बिनधास्त,
मी हावो."

दुपारपर्यंत अकरा किंकाळ्या, अकरा नोंदी.
प्रत्येक किंकाळीचा त्यानं अर्थ लावला,
मी जसा कधी काळी वळणांचा लावत होतो.
मला थोडं वाईट वाटलं, खरं सांगतो.
वही मागायची होती.

पुणं काय ठरवेल ते पुणं जाणे.
रात्री त्याच्या जुन्या जीपमधून घरी निघालो.
म्हटलं, "प्रल्हाद, ही उजवीकडे ओढते."
"कोण? हे? नाही बावा."
आणि त्याचा डावा हात स्टिअरिंगवर
गेली चौदा वर्षं ताणलेला तसाच ताणलेला.
मी पुढं काही बोललो नाही.
नंतर फाट्याच्या वळणावर लक्षात आलं,
मीही बसल्या जागी
डावीकडे झुकून बसलोय.