दमाची जागा

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून एक कुटुंब कायमचं निघालं
आणि दारातच त्यांची रद्दी तोलली गेली, तीन रुपये किलोनं.
मी सोळाचा होतो. मामाच्या सायकलवरून उतरून
ढिगातून एक पुस्तक ओढलं :
कव्हरवर गिटार, गिटारमागे केसांत बुडालेला माणूस.
पहिली चाळीस पानं नव्हती.
म्हणून त्याला आई नव्हती, शाळा नव्हती.
एकेचाळिसाव्या पानावर तो थेट स्टेजवर,
वाक्य मधूनच सुरू :
आणि मग मी दुसरी तार चढवली.

दोन उन्हाळे शब्दकोश घेऊन वाचला त्याला,
पारा सत्तेचाळीस, डोक्यावर ओलं फडकं.
गिटार ऐकलेली नव्हती.
रात्री यार्डात डबे एकमेकांवर आदळत,
तो आवाज मी तिला दिला.
बालपणही मीच पुरवलं :
तापीत पोहायला लावलं,
कळण्याची भाकरी खाऊ घातली,
पाढे चुकला म्हणून मास्तरांकडून फोडून काढला.
पुढे तो हॉटेलं फोडायचा, त्याला एवढं कारण पुरेसं वाटलं.

आता अमळनेरला माझं डीटीपीचं दुकान आहे.
लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, वाढदिवसाचे बॅनर.
एक दिवस मांडळचे सुपडू आप्पा आले,
पायरीवर चपला काढून म्हणाले,
"वही छापानी शे."
मी हात पुढे केला. कुठंय वही?
आप्पांनी गळ्यावर बोट ठेवलं.

विसरलोच होतो.
आमच्याकडे वही गातात.

तीन दिवस ते सांगत होते, मी टाइप करत होतो.
तीन दिवस नुसता धुडकू :
थंडीत डफाचं कातडं सैल पडतं,
धुडकू काटक्यांच्या जाळावर ते शेकायचा,
जास्त नाही, कमी नाही,
कानाशी धरून ओळखायचा.
एकदा त्याची मिशी जळाली, पण डफ वाजला.
मी म्हणालो, आप्पा, थोडं तुमच्याबद्दल सांगा.
"तेच तं सांगी ऱ्हायनू."

पुस्तकातल्या त्या माणसानं
चारशे पानांत अँप्लिफायर उचलणाऱ्याचं नाव
एकदाही लिहिलं नव्हतं.
हे मला तेव्हा, इतक्या वर्षांनी, लक्षात आलं.

प्रूफ मोठ्यानं वाचून दाखवलं.
आप्पांनी मध्येच हात वर केला.
"आठे मी दम लेस. तो कोठे शे?"
मी स्वल्पविराम दाखवला.
चष्मा नसलेल्या डोळ्यांनी त्यांनी तो शोधला.
"इतलासा?"
पूर्णविराम दिला. मान हलली नाही.
एक ओळ सोडली. मग चार.
मग लाईट गेले, सेव्ह केलेलं नव्हतं,
आणि पुन्हा बसलो तेव्हा मी आख्खं पान सोडलं.
धुळ्याहून छापखान्याचा फोन :
साहेब, एकोणतीस नंबर कोरं येतंय.
येऊ द्या, म्हटलं. आप्पा तिथे दम घेतात.

प्रकाशन वगैरे काही झालं नाही.
श्रावणात कानबाईच्या रात्री, रोट खाऊन झाल्यावर,
कुणीतरी गठ्ठ्याची सुतळी कापली.
बाइंडिंगचा डिंक अजून ओला होता.
आप्पांनी पुस्तक उघडलं, पानं उलटत गेले,
काळी, काळी, सगळी काळी,
आणि एकोणतिसावर थांबले.
त्यांना वाचता येणारं ते एकच पान.
बराच वेळ वाचलं त्यांनी ते.
डफवाला ताटकळत राहिला.

घरी येऊन मी माळ्यावरचं जुनं पुस्तक काढलं,
फाटल्या जागी शिवणीचे दोरे.
वाटलं, कुणी फाडलीच नसतील ती चाळीस पानं.
दुसरी तार चढवण्याआधी
तिथे तो नुसता दम घेत असेल.

सांगता येत नाही.
तो रद्दीवालाही विडी पेटवायला
हाताला येईल ते पान ओढायचा.