चिमट्यापुरती जागा

आधी सोडायच्या त्या रिकाम्या जागा.
वर चार बोटं मासिकाच्या नावाला,
उजव्या कोपऱ्यात किंमत, पंचवीस सेंटाव्हो,
खाली छापखान्याचा शिक्का.
उरलेल्यात समुद्र बसवायचा,
मोती काढणारी एक बाई
आणि तिच्या मागे लागलेलं ते.

संपादक वाल्देकान्यास म्हणाले, ते मोठं हवं.
दात मोजता आले पाहिजेत, क्रिसांतो.
पोरं दातांसाठी पैसे मोजतात.
आणि बाई जराशी हसली तरी चालेल.
पाण्यात राहून माशाशी वैर घेतलेली बाई,
तिने हसायचं.

लाँड्रीच्या पावतीमागे मी सात चौकोन आखले,
अंगठ्याच्या नखाएवढे.
पहिल्यात दात.
दुसऱ्यात आणखी दात.
तिसऱ्यात बाई दातांत.
चौथा झकास जमला, पण तोच मी
सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बाईसाठी काढला होता.
पाचव्यावर घाम गळला.
सहावा आणि सातवा वाल्देकान्यासना आवडले असते,
म्हणून बाजूला ठेवले.

मग बहिणीच्या पोरीला बोलावलं.
लुदिविना, हा केरसुणीचा दांडा म्हणजे भाला.
हे स्टूल म्हणजे होडी.
हात वर. अजून वर. आता रागाने बघ.
ती रागाने बघायला गेली आणि फिस्सकन हसली.
सांपालोकमधली वीज गेली.
रॉकेलच्या दिव्यात मी खोडत राहिलो,
खोडरबराची काळी शेवई मांडीवर साचत राहिली,
तिच्या भाल्याकडे कुणी बघेना.
हात भरून आला तसा तो आपसूक खाली आला,
खांदा पडला,
मान वळवून ती म्हणाली,
"झालं का, तियो?"

हलू नकोस, मी ओरडलो.
हलू नकोस, हेच.

ना भीती, ना शौर्य.
दिवसभर पाण्यात काम केलेली एक बाई
मागे वळून विचारते आहे, झालं का?
आणि तिच्या होडीखाली
होडीपेक्षा लांब एक सावली.
दात नाहीत.

तीन नंबरचा ब्रश ओठांत धरून टोक काढलं.
केसांना एका दमात शाई, श्वास रोखून,
लाटांना मात्र हात सैल.
पाठीकडची रेघ मुद्दाम जाड ठेवली,
कारण मांग टेरोयच्या मशीनवर
निळा रंग तांदळाभर डावीकडे सरकतो,
वीस वर्षं सरकतो आहे,
आणि भांडून तो जागेवर यायचा नाही.

वाल्देकान्यासनी चष्मा वर केला, खाली केला.
दात कुठायत?
आत.
आणि हे वरती मधोमध कोरं का सोडलंस?
ढग आहे, म्हटलं.

ढग नव्हता.
मागच्या महिन्यात कियापोच्या कोपऱ्यावर
आलिंग पासिंगने दोरीवर अंक टांगले होते
कपडे वाळत घालावेत तसे,
आणि लाकडी चिमटा नेमका
माझ्या नायिकेच्या डोळ्यावर.
दोन रात्री जागून काढलेला डोळा.
तर या वेळी चिमट्यापुरती जागा,
दोन बोटं रुंद,
मास्तरांची खुर्ची सोडावी तशी.

बुधवारी अंक आला.
चार वाजता सहज तिकडून चाललो आहे असं दाखवत
मी रस्त्यापलीकडे उभा राहिलो.
लाल इतक्या लांबूनही दिसत होता. तांदळाभर निळा, डावीकडे.
चिमटा ढगावर.
पण त्या दिवशी नदीकडून वारा सुटलेला,
म्हणून पासिंगने खालीही एक लावला होता,
बरोब्बर सावलीच्या तोंडावर.

एक पोरगा, चड्डीला सेफ्टीपिन,
बराच वेळ बघत उभा.
मग त्याने हळूच तो खालचा चिमटा
बोटाने उचकटला,
वाकून आत डोकावला
आणि लगेच एक पाऊल मागे सरला.

पासिंगने त्याच्या हातावर चापट मारली.
नुसतं बघायचेही पाच सेंटाव्हो पडतात, म्हणाली.
त्याने खिसे चाचपले.
मी रस्ता ओलांडला.