उसळी

शिरोलीत, फौंड्र्यांच्या मागच्या गल्लीत
पत्र्याच्या खोलीतला माझा कॉम्प्युटर
बॉलमिलचा एक सेकंद मोजायला
आख्खी रात्र घेतो.

अकरा हजार चारशे गोळे.
प्रत्येकानं शेजाऱ्याला विचारायचं:
लागलास का? किती जोरात? कुठल्या अंगानं?
मग ढकलायचं, घासायचं, केसभर सरकायचं
आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायचं.
सेकंदाचे लाख तुकडे केलेत मी.
दगड अजून दगडच आहे.

दुपारी आण्णाप्पा मेस्त्री डोकावले.
एकतीस वर्षं मिलच्या अंगाला उभे राहून
दोन्ही कान तिलाच देऊन मोकळे झालेले.
पडद्यावर गोळे खांद्यापर्यंत चढत होते,
सुटत होते, कोसळत होते,
वेगातले लाल, रेंगाळणारे निळे.
बराच वेळ बघून म्हणाले, जरा मोठ्यानंच,
"हिचा आवाज तुला बी येत न्हाई व्हय?
मग बरं हाय."

आणि काचेवर बोट टेकवलं. तेलकट ठसा अजून आहे.
"ही लाल पोरं हितं पडत्यात.
मालावर न्हाई, लायनरवर. खाऊन टाकतील."
मी फेरे सव्वीसचे बावीस केले.
लाल पोरं खाली, मालावर आली.

"उसळी किती धरलीस?"
पुस्तकात होती तेवढी, म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. बादली घेऊन आले,
मिलमधून काढलेल्या जुन्या गोळ्यांची.
एकही गोल नव्हता.
एक बटाटा, एक चेपलेलं लिंबू,
एकाला तर चक्क नाक होतं.
कोडमध्ये मी सगळे गोलच लिहिलेत:
गोलाला मध्य असतो, एक त्रिज्या पुरते,
रात्र तरी संपते.

लायनरचा तुकडा जमिनीवर ठेवला.
मी भिंतीला टेप धरून उकिडवी बसले.
मेस्त्रींनी छातीइतक्या उंचीवरून बटाटा सोडला.
मी ठण् ऐकलं.
त्यांनी तळपायांनी ऐकलं असावं,
कारण मान हलवली माझ्याआधी.
गोळा वर आलाच नाही सरळ,
तिरपा सुटला, चहाच्या किटलीला लागला
आणि कपाटाखाली गेला.

वीस वेळा सोडला. वीस आकडे आले.
वहीत मी त्यांची सरासरी लिहिली,
मग सरासरीखाली रेघ मारायची राहूनच गेली.

आज तो गोळा टेबलावर आहे, कागदांवर.
पलीकडं मिल सुरू झाली की
थोडासा हलतो.
कुठल्या बाजूला, ते आधी सांगता येत नाही.