शिवण बाहेरून

कायानीत जानेवारीत उजाडतं साडेनऊला,
तेही मन नसल्यासारखं.
मी रात्री दोनपासून रस्त्यांवरचं बर्फ ढकलतो,
सातला घरी येतो, बूट काढतो
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर
निळं होजियरी कापड पसरतो.

बर्फ ढकललं की बाजूला होतं.
हे कापड मात्र कात्री दिसली की
कडेनं गुंडाळी करून बसतं,
शाळेला दांडी मारू बघणाऱ्या पोरासारखं.
खडूची रेघ ओढावी, तर रेघेसकट सरकतं.
टाचण्या माझ्या बोटांत मावत नाहीत,
म्हणून कडांवर काटे-चमचे ठेवतो.

हा सगळा खटाटोप इंकेरीसाठी. वय आठ.
तिला शिवण टोचते.
तुम्हाआम्हाला टोचते तशी नाही.
काखेतला एक जाडसर सांधा,
मानेमागची नखाएवढी पट्टी,
आणि अख्खी सकाळ तिच्या जिवावर बेतते.
दुकानातून आणलेले अकरा टॉप कपाटात आहेत,
एकेकदा घातलेले,
एकेकदा रडत ओरबाडून काढलेले.
तिची आई ओउलूहून फोनवर म्हणते, सवय होईल.
मीही म्हणायचो. बरीच वर्षं म्हणायचो.

पहिला टॉप मी सरळ टाक्यानं शिवला.
सुबक, साफ केलेल्या हमरस्त्यासारखा.
इंकेरीनं डोकं घातलं, कानांशी अडकलं,
तिनं जोर केला, आणि
तट्, तट्, तट्,
गळ्याभोवतीचा दोरा तुटत गेला.
कापडाला ओरखडाही नव्हता.
मी रडणं सुरू व्हायची वाट पाहत उभा.
आतून, निळ्या अंधारातून, आवाज आला :
"इथे बरं आहे."

मशीन खालच्या मजल्यावरच्या हेल्वीचं.
एकतीस वर्षं बनियनच्या कारखान्यात
तिनं फक्त डाव्या बाह्या जोडल्या.
चष्मा कपाळावर ढकलून तिनं माझं काम पाहिलं,
हसली नाही, हेच पुष्कळ झालं.
"कापड ताणलं की दोऱ्यानं कुठे जायचं?
त्याला नागमोडी जाऊ दे, वळणात थोडी शिल्लक राहते.
सुई बोथट टोकाची घे,
फाशांमधून वाट काढायची, फासा फोडायचा नाही.
आणि ओढू नकोस, रे बाबा,
मशीनचे दात नेतील तेवढंच जाऊ दे."

मी ओढलंच.
सोळा टनांचं वाहन चालवणारा हात,
त्याला जाऊ देणं ठाऊक नाही.
दुसऱ्या टॉपचा घेर असा लाटालाटांचा झाला
की वारा सुटलेलं तळं.
उसवायला बसलो.
नागमोडी टाका शिवायला दहा मिनिटं,
उसवायला दोन संध्याकाळी,
आणि निळ्या कतरणी विष्ठेसारख्या सगळीकडे,
लोण्यातसुद्धा.

उसवता उसवता डुलकी लागली.
जाग आली तेव्हा अर्धामुर्धा टॉप
टेबलावर नव्हता.
इंकेरीनं तो घातला होता. उलटा.
सगळे सांधे, माझे वाकडे टाके, लोंबते दोरे
जगाच्या बाजूला,
आणि आत नुसतं गुळगुळीत.
ती पाव खात होती.
एवढंच. पाव खात होती.

तिसरा मी तसाच शिवला, मुद्दाम.
सोमवारी शाळेतून चिठ्ठी आली :
कृपया लक्ष द्या, टॉप उलटा घातला होता.
वाचून दाखवली, तर इंकेरी म्हणाली,
"उलटा नाहीये. शिवण बाहेरच्यांसाठी आहे."
चिठ्ठीच्या मागे मी हे लिहिलं,
खाली सही केली,
आणि परत पाठवली.

आता ती त्यातच झोपते, पाचवी रात्र.
गळा जरा ओघळलाय, कोपरं पुढे आलीत,
एकदा तरी धुवायला काढ म्हणावं, तर नाही म्हणते.
चौथा बेतायला हवा.
निळं संपलं म्हणतात दुकानात,
आहे ते राखी, आणि
ते हाताला थोडं खरखरीत लागतं.
मी काउंटरशी उभा राहून
त्यावरून मनगटाची आतली बाजू फिरवत राहिलो,
मागे रांग लागली तरी.