दुसरी वेलांटी

पहिली पाटी मीच रंगवली बाईंची,
तांडापेठेत, तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सरळ करून :
सौ. कौतिका सोनकुसरे, नगरसेवीका.
'वी'ला दुसरी वेलांटी पडली.
शाळेतले मास्तर हसले.
बाई म्हणाल्या, राहू दे गा,
दुसरी म्हणजे मोठी नं? मंग काय बिघडलं.

तेव्हा त्या मागावरून उठून सभेला जात,
पदराला सुताचे धागे तसेच.
तीन वर्षं टाऊन हॉलात एकच विचारणं :
आमच्या गल्लीच्या व्हॉल्व्हची चावी कोणापाशी हाये?
चौथ्या वर्षी पाणी आलं, सहाला, उजेडात.
बाई रांगेत सातव्या होत्या. मी मोजलं.

मग आमदार. पत्रा नवा, अक्षरं सावलीची.
हिवाळ्यात अधिवेशन गावातच,
बाकीचे साहेब आमदार निवासात, बाई घरून, डबा घेऊन.
एकदा टी-पॉइंटवर कोष्ट्यांचा मोर्चा अडवलेला,
पुढच्या ओळीत त्यांचाच धाकटा दीर.
बाई गाडीतून उतरल्या
आणि कठड्याच्या कोणत्या अंगाला उभं राहावं
हे त्यांना बराच वेळ कळेना.
पोलिसानं खुर्ची आणली. त्या बसल्या नाहीत.

खासदार झाल्या तेव्हा पाटी दिल्लीत झाली, पितळेची.
मला कोण विचारते.
मग राज्यमंत्री :
ज्या गावाला समुद्र कुठूनही लांब
त्या गावच्या बाईला खातं मासेमारीचं.
पेपरात फोटो आला, होडीत उभ्या,
एका हातानं कासरा धरावा तसा दोर धरलेला.

पडल्या साडेअकरा हजारांनी.
आमच्या बूथवरही मागेच होत्या.
मी कोणाला दिलं ते विचारू नका.

दिवाळीनंतर दुकानावर आल्या, रिक्षानं.
मी ब्रश भिजवला. काय लिहू?
माजी राज्यमंत्री, माजी खासदार, माजी…
म्हणाल्या, पत्रा पुरणार नाही बाप्पा.
ते पहिली पाटी कुठं गेली?

व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर टाकली होती कोणीतरी,
पोरं पडू नयेत म्हणून.
नाव गंजानं खाल्लेलं. कडेला एवढीच वेलांटी शिल्लक,
माझी, चुकलेली.

बाई उकिडव्या बसल्या, पत्रा सरकवून आत पाहिलं.
पाणी कधी येते आता?
पहाटे तीनला, म्हटलं. येते कधी कधी.
त्यांनी पदर खोचला.
चावी कोणापाशी हाये?